अ‍ॅडर मादी संकटात पिल्लं गिळते? नाही हो!

इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं सांगितलं जातंय की अ‍ॅडर नावाच्या विषारी सापाची मादी धोका दिसला की तोंड उघडते, पिल्लं पटापट आत शिरतात आणि धोका टळला की परत बाहेर येतात. साफ चूक आहे हे. पण लोकांना असं का वाटलं ते बघा, मारलेल्या मादीचं पोट फाडलं तर आत खरंच जिवंत वळवळणारी पिल्लं सापडायची, आणि साप म्हणजे अंडी घालणारच हे डोक्यात पक्कं, मग गिळलीच असणार ना! अ‍ॅडर अंडी घालतच नाही, आपल्या घोणसीसारखीच थेट पिल्लं देते, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला.

गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग अभ्यासकाने ४ ऑगस्ट १७७५ ला सापडलेली एक मादी कापून बघितली तर आत १५ पिल्लं, आणि त्याने लगेच नेमका मुद्दा पकडला की गिळलेली असती तर गळ्याकडे सापडली असती, ही तर पोटात आहेत. शिवाय जठरातल्या पाचक रसात पिल्लं टिकणार कशी?

हां, पिल्लं जन्मल्यावर काही दिवस आईच्या आसपास असतात, त्यामुळे गैरसमज वाढला असेल असं मला वाटतं. पण त्यांना लपवायची गरजच कमी, जन्मतःच विष आणि दात तयार असतात. आणि प्लीज, दिसली की मारू नका, थंडीमुळे मादी बहुतेक दरवर्षी पिल्लं देतसुद्धा नाही, एक वर्ष तरी मध्ये जातंच.