ज्वारीवरचा चिकटा: मोजणी तुमची, अंदाज आमचा

ज्वारी पोटरीत आली की खालच्या पानांच्या पाठीवर मावा बसतो. पान चिकट होतं, त्यावर काळी बुरशी चढते आणि दाण्याबरोबर कडबाही जातो. मंगळवेढ्यापासून बार्शीपर्यंत कडब्यावर जनावरं जगतात, म्हणून हे नुकसान आम्ही दाण्याइतकंच धरतो. तुम्ही पानांवरचा मावा मोजून पाठवा, तो पुढे किती वाढेल याचा अंदाज आम्ही देतो.

मावा इतका भरभर वाढतो कारण मादी नराविना थेट पिलं घालते आणि पिलूही आठवड्याभरात पिलं घालू लागतं. त्यामुळे आज किती मावा आहे यापेक्षा तो किती दिवसांत दुप्पट होतो, हे कळणं महत्त्वाचं.

कडेच्या चार-पाच ओळी सोडा, कारण उडून आलेला मावा आधी तिथेच बसतो. नागमोडी चालत 20 ताटं निवडा. प्रत्येकाचं खालचं एक हिरवं पान आणि वरचं एक पान उलटून पाहा, मग 40 पानांची सरासरी काढा. एकेक किडा मोजत बसू नका. दहा किडे मोजा, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा आणि पानावर तसे किती ठिपके बसतात ते बघा.

सोमवारी सरासरी 12 आणि रविवारी 48 आली, तर सहा दिवसांत दोनदा दुप्पट, म्हणजे दुपटीला तीन दिवस. बुधवारी 96 होणार.

पांढरी कात मावा समजून मोजली जाते, ही नेहमीची चूक. त्यापायी सोमवारची मोजणी 12 ऐवजी 24 लिहिली, तर दुपटीला सहा दिवस निघतात आणि 96 चा अंदाज बुधवारऐवजी शनिवारचा येतो. काडीने हळूच हलवून बघा, कात जागची सुटते आणि तिला पाय हलवता येत नाहीत.

मावा खाणारे ढालकिडे, त्यांच्या अळ्या आणि परजीवी कीटकाने आतून पोखरलेला, फुगलेला तपकिरी निर्जीव मावा वेगळा लिहून पाठवा. हे वाढत असतील तर दुपटीचा वेग मोडतो. अशा वेळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं, तर आधी ढालकिडे मरतात आणि मावा पुन्हा उसळतो.

अमेरिकेत 2013 पासून ज्वारीवर हा मावा पसरला, तेव्हा तिथल्या राज्यांनी फवारणीची पातळी पानाला 50 ते 125 अशी धरली. आपल्या मालदांडी वाणाच्या ज्वारीला ती जशीच्या तशी लागू होते असं आम्ही मानत नाही, म्हणून पानाला सरासरी 50 लाच सावध करतो. औषध घेताना लेबलावर ज्वारी आणि मावा दोन्ही लिहिलेलं आहे का ते पाहा.

सात दिवसांपुढचा अंदाज आम्ही देत नाही. पानं भरली की पंखवाला मावा उडून जातो आणि दुपटीचं गणित तिथं थांबतं.