धामण म्हशीचं दूध पीत नाही

मराठवाड्यात अजून सांगतात, धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. तिला चोखायला मऊ ओठ नाहीत, दात आत वळलेले. सडाला तोंड लागलं तर म्हैसच लाथ मारील! पेंड आणि कडब्याच्या गंजीमागे उंदीर येतात, उंदरांमागे धामण. शेपटीत विष? मुळीच नाही, ती बिनविषारीच.

ओळखायची कशी? डोळा मोठा, ओठांवर उभ्या काळ्या रेघा, शेपटीकडे आडवे काळे पट्टे. नागासारखा फणा नाही. दिवसा बांधावर दिसते. पाणंदीवरूनच पाहा, दुसऱ्याच्या रानात विचारून शिरा. खात्री नसेल तर लांबच थांबा. मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. घरात शिरली तर वनविभागाला 1926 वर कळवा.