एकनळी वाफतापन आणि घरातील असमान उष्णता

एकनळी वाफतापन म्हणजे घर उबदार ठेवण्याची एक जुनी पद्धत. तळघरातल्या बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या ओतीव लोखंडी रेडिएटरपर्यंत जाते आणि थंड होऊन तिचे झालेले पाणी त्याच नळीने परत खाली येते. अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत, आणि शिकागोसारख्या शहरांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंत बांधलेल्या असंख्य घरांत ही यंत्रणा आजही चालू आहे. तिच्याविषयीची नेहमीची तक्रार म्हणजे एका खोलीत खिडकी उघडावी लागते आणि दुसरीत स्वेटर उतरवता येत नाही. अशा वेळी बॉयलर बदलावा किंवा दाब वाढवावा असे घरमालकाला वाटते. पण बहुतेक घरांत उष्णता पुरेशी असते. हवेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून वाफ पुढे सरकत नाही.

या यंत्रणेत पंप नाही. वाफ स्वतःच्या दाबाने चढते आणि पाणी उताराने उतरते. १ किलो पाण्याची १००° से. तापमानाला वाफ होताना सुमारे २,२५७ किलोजूल उष्णता लागते. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. रेडिएटरच्या थंड लोखंडाला लागून वाफेचे पाणी झाले की तेवढीच उष्णता खोलीत सुटते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १,७०० पट असल्यामुळे थोड्या पाण्यावर तीन मजली घरही तापते.

बॉयलर बंद असतो तेव्हा सगळ्या नळ्या आणि रेडिएटर हवेने भरतात. ही हवा बाहेर गेल्याशिवाय वाफ आत शिरू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक रेडिएटरच्या एका बाजूला एअर व्हेंट नावाची छोटी झडप असते. ती थंड असताना उघडी राहते, आणि वाफ लागली की आतला भाग फुगून बंद होते. तळघरातल्या मुख्य नळीच्या टोकाला याहून मोठा व्हेंट असावा लागतो. जुन्या घरांत नेमका तोच गंजून बंद पडलेला असतो, किंवा कुणीतरी काढून तिथे बूच बसवलेले असते. २ इंची, ५० फूट लांबीच्या नळीत सुमारे ३३ लिटर हवा मावते. मुख्य व्हेंट बंद असेल तर ती सगळी हवा रेडिएटरांच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडावी लागते. मग बॉयलरजवळचे रेडिएटर आधी तापतात. थर्मोस्टॅट त्यांच्यापैकी एखाद्या खोलीत असला की तो बॉयलर बंद करतो आणि लांबच्या खोलीपर्यंत वाफ पोहोचतच नाही.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात तळघरातून करायची असते. यंत्रणा पूर्ण थंड असताना बॉयलर सुरू करावा आणि प्रत्येक मुख्य नळीच्या टोकापर्यंत वाफ यायला किती वेळ लागतो ते पाहावे. दोन फाटे असतील तर दोन्हींच्या टोकांना वाफ साधारण एकाच वेळी पोहोचली पाहिजे. लांब फाट्याला जास्त क्षमतेचे, गरज पडल्यास दोन-तीन व्हेंट बसवतात. हे साधल्यानंतरच खोल्यांकडे वळावे. रेडिएटरचे व्हेंट वेगवेगळ्या वेगांचे मिळतात. काहींची गती ठरावीक असते, काहींची फिरवून बदलता येते. लवकर तापणाऱ्या खोलीला, विशेषतः थर्मोस्टॅटच्या खोलीला, मंद व्हेंट लावावा आणि लांबच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या मोठ्या रेडिएटरला जलद. जाणकार कारागीर मुख्य नळी झटकन आणि रेडिएटर सावकाश मोकळे करतात, आणि त्यांचे बरोबर आहे. सगळीकडे जलद व्हेंट लावले तर वाफेबरोबर पाणीही वर खेचले जाते आणि व्हेंटमधून थुंकल्यासारखे बाहेर उडते. एका वेळी एक-दोनच व्हेंट बदलावेत आणि पुढचा बदल करण्यापूर्वी घर काही दिवस तसेच चालू द्यावे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रेडिएटर अर्धाच गरम होतो याचा अर्थ तो बिघडला असा नाही. त्या काळच्या अनेक यंत्रणा कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघड्या ठेवूनही खोली उबदार राहावी अशा हिशेबाने बसवल्या गेल्या. कोंदट हवेतून रोग पसरतात या समजुतीचा आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा त्यामागे हात होता. आता खिडक्या घट्ट आणि भिंती उष्णतारोधक झाल्यामुळे ते रेडिएटर गरजेपेक्षा मोठे ठरतात. सौम्य दिवशी त्यांचे दोन-चार खणच तापले तरी चालते. खोल्यांचे तापमान सारखे आहे की नाही, एवढेच पाहायचे.

दाब वाढवणे हा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत चुकीचा उपाय आहे. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर साधारण १५ पौंड प्रति चौरस इंच दाबावर चालतो. घराच्या वाफतापनाला दीड पौंडही भरपूर होतो. बॉयलरवरचा दाबनियंत्रक अर्ध्या पौंडाला सुरू आणि दीड पौंडाला बंद असा लावलेला असावा. १ पौंड दाबाने पाणी नळीत सुमारे २८ इंच वर ढकलले जाते, त्यामुळे दाब चढला की परतीचे पाणी बॉयलरकडे उतरायला अडते, व्हेंट लवकर खराब होतात आणि इंधन वाया जाते. नियंत्रकाखालची वळणदार नळी गाळाने बुजली तर त्याला खरा दाब कळत नाही, म्हणून ती दरवर्षी साफ करावी. बॉयलरवर बसवलेला ३० पौंडांचा मापक इतका कमी दाब नीट दाखवत नाही. शेजारी ० ते ३ पौंडांचा वेगळा मापक लावणे उत्तम.

नळ्यांतून हातोडा मारल्यासारखा आवाज येत असेल तर कुठेतरी पाणी साचले आहे आणि वेगाने येणारी वाफ ते पुढे आपटते आहे असे समजावे. शंभर वर्षांत घर खचते, आधाराचे हुक सैल होतात आणि नळीला झोळ पडतो. एकनळी रेडिएटरचा उतार त्याच्या व्हॉल्व्हकडे, म्हणजे नळी जोडलेल्या टोकाच्या झडपेकडे, असला पाहिजे. पलीकडच्या पायाखाली लाकडाची पातळ चकती सरकवली की पुष्कळदा काम होते. हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवायचा असतो. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून वाफ आत जाते, पण पाण्याला परत यायला जागा उरत नाही. खोलीची उष्णता कमी करायची असेल तर रेडिएटर आणि व्हेंट यांच्यामध्ये थर्मोस्टॅटिक झडप, म्हणजे खोली पुरेशी तापली की हवेची वाट आपोआप बंद करणारी झडप, बसवावी.

तळघरातल्या उघड्या नळ्या हेही असमानतेचे मोठे कारण आहे. पूर्वी त्यांच्यावर ॲस्बेस्टॉसचे आवरण असे. आरोग्याच्या धोक्यामुळे ते अनेक घरांतून काढले गेले, पण त्याच्या जागी दुसरे काही बसले नाही. अशा नळीत वाफेचे वाटेतच पाणी होते. १ इंच जाडीचे फायबरग्लासचे आवरण यावर पुरेसे आहे. जुने आवरण अजून असेल तर त्याला हात लावू नये. ते परवानाधारक माणसांकडूनच काढून घ्यावे.

नवा बॉयलर बसवल्यावर त्रास सुरू झाला असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे बॉयलरची क्षमता. ती घराच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, घरातल्या सगळ्या रेडिएटरांच्या क्षमतेच्या बेरजेवरून ठरते. दुसरी गोष्ट बॉयलरलगतच्या नळ्यांची मांडणी, कारण ती चुकली की वाफ ओली, म्हणजे पाण्याच्या थेंबांसह, येते. तिसरी म्हणजे पाण्यावरचा तेलाचा तवंग. नव्या भागांवरचे तेल पाण्यात उतरते आणि पाणी उसळू लागते. ते सावकाश वरून वाहवून काढावे लागते, आणि घाईत असलेले कारागीर हे काम हमखास गाळतात.

दोननळी यंत्रणेत वाफेची आणि पाण्याची वाट वेगळी असते. तिथे रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला व्हेंटऐवजी ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून पाणी आणि हवा पुढे सोडणारी झडप, असतो. तो उघडा अडकला तर वाफ परतीच्या नळीत घुसून इतर रेडिएटरांतली हवा कोंडते, बंद अडकला तर तो एकच रेडिएटर थंड राहतो. म्हणून तिथे व्हेंटांऐवजी ट्रॅप तपासतात.

जर्सी सिटी, क्वीन्स किंवा बॉस्टन परिसरातल्या जुन्या इमारतींत भाड्याने राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची या यंत्रणेशी पहिली ओळख थंडीतल्या रात्रीच्या ठोकाठोकीनेच होते. भाडेकरूने फार तर आपल्या रेडिएटरचा उतार आणि व्हॉल्व्ह पाहावा आणि कळवावे. बॉयलरचा दाब आणि मुख्य व्हेंट ही मालकाची जबाबदारी. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत बाहेरचे तापमान ५५° फॅ. खाली गेले तर घरात किमान ६८° फॅ. (२०° से.) आणि रात्री किमान ६२° फॅ. (सुमारे १७° से.) राखणे मालकावर बंधनकारक आहे. ही अट राहत्या प्रत्येक घराला लागू आहे, त्यामुळे जिन्याशेजारचे घर तापले म्हणून टोकाचे घर थंड ठेवता येत नाही. भाडेकरूने खोलीतल्या तापमानाची तारीख-वेळेसह नोंद ठेवावी आणि मालक दाद देत नसेल तर शहराच्या ३११ क्रमांकावर तक्रार करावी.