अर्थिंग (भूसंपर्कन)

विद्युत उपकरणाचे धातूचे अंग जमिनीत पुरलेल्या नळीला किंवा पत्र्याला तारेने जोडण्याची व्यवस्था. फेजची (वीज घेऊन येणारी) तार अंगाला टेकल्यास प्रवाहाला माणसाखेरीज दुसरी सोपी वाट असावी, हा हेतू. विदर्भाच्या खेड्यांत तिची खरी कसोटी उन्हाळ्यात, लोखंडी कूलरपाशी लागते.

जमीन प्रवाहाची परतीची वाट होऊ शकते, हा शोध सामान्यतः जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल यांच्या नावे १८३८ च्या सुमारास मांडतात. लोहमार्गाचे रूळ तारयंत्रासाठी वापरून पाहताना प्रवाह जमिनीत निसटतो, हे त्यांना आढळले. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वॉटसन यांनी १७४७ मध्येच लायडन पात्राचा (वीज साठवणाऱ्या काचपात्राचा) विसर्ग थेम्सच्या पाण्यातून परत आणला होता, म्हणून काही जण अग्रमान त्यांना देतात. परतीची तार जाणूनबुजून वगळण्याचे श्रेय मात्र श्टाइनहाइल यांच्याकडे ठेवणे अधिक सयुक्तिक. सुरक्षिततेसाठी उपकरणाचे अंग जोडण्याची पद्धत नंतरची.

भारतीय मानक ३०४३ प्रमाणे जस्तलेपित नळी किमान ३८ मिमी व्यासाची आणि किमान २.५ मी. लांब असते. भोवती लोणारी कोळसा व खडेमिठाचे थर देतात, वर पाणी ओतायला नरसाळे बसवतात. मिठाने रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) उतरतो, पण तेच मीठ काही वर्षांत नळी खाते.

पश्चिम विदर्भाच्या काळ्या मातीत मोंटमोरिलोनाइट हे पाण्याने फुगणारे खनिज मुबलक असते. पावसाळ्यात ती फुगून नळीला घट्ट बिलगते व प्रवाह चांगला वाहून नेते. वैशाखात भेगाळते आणि नळीभोवती फट पडते. म्हणजे कूलर सुरू होतो त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत कच्चे. अर्थिंगसाठी पोत्यातून विकले जाणारे बेंटोनाइट याच खनिजाचे. वाळले की तेही आकसते. उन्हाळाभर खड्ड्यात नियमित पाणी घालणे हा साधा उपाय.

नळी ठीक असूनही भागत नाही. निसटलेला प्रवाह जमिनीतून डीपीकडे (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे) परततो; डीपीच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आणि घरचा १० ओहम धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह जेमतेम १५ अँपिअर. १६ अँपिअरचा फ्यूज न वितळता तसाच राहतो आणि कूलरच्या पत्र्यावर दीडशे व्होल्ट उभे असतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) मात्र घरचा रोध १०० ओहम असला तरी लगेच पडतो. अर्थात प्लग तोडून, उघड्या तारा सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी दाबून बसवल्या, की अर्थची हिरवी तार लोंबकळतच राहते.

वायरमन फेज आणि अर्थ यांत शंभर वॅटचा बल्ब लावून पाहतात. त्याआधी अर्थला जोडलेली उपकरणे सोडवावी लागतात, नाहीतर चाचणीपुरते त्यांच्या अंगावर व्होल्टेज येऊ शकते. बल्ब मंद लागला तर अर्थिंग बहुधा खराब. लख्ख लागला तरी रोध ५ ओहम की ५०, हे डोळ्याला कळत नाही. त्यासाठी रोध मोजणारा अर्थ टेस्टरच लागतो.