ओक घ्यायचा तर कोणता?

ओकचे दर ऐकले की पुष्कळ ग्राहक विचारतात, "लाकूड एकच, मग दरात एवढी तफावत कशी?" लाकूड एकच नसतं, म्हणून.

आधी सिल्व्हर ओक बाजूला काढू. तो ओकच्या कुळातलाच नाही. मूळ ऑस्ट्रेलियाचं झाड. कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात. लाकूड हलकं, मऊ. कपाटाच्या आतल्या कामाला चालतं, पण त्याला खऱ्या ओकचा भाव देऊ नका.

बाजारात खरा ओक दोन गटांत येतो, पांढरा आणि लाल. फ्रान्स-जर्मनीकडचा युरोपियन ओक पांढऱ्याच गटातला, अमेरिकन पांढऱ्यापेक्षा किंचित मऊ. वजनात मोठं अंतर नाही: पांढरा घनफुटाला साधारण 21 किलो, लाल 20, साग 18-19. रंगावर जाऊ नका, पॉलिशखाली तो लपतो. खरा फरक आत आहे. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या बारीक नळ्या बुजलेल्या असतात, पाणी सहज शिरत नाही. वाईन-व्हिस्कीची पिंपं त्याचीच करतात ती म्हणून. लाल ओकच्या नळ्या मोकळ्या. छोट्या तुकड्याचं एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकातून फुंकलं की बुडबुडे येतात. वखारीत मागाल तेव्हा करून दाखवू. तेव्हा सिंकखाली, बाथरूमच्या चौकटीला लाल ओक नकोच. पलंग, जेवणाचं टेबल, खुर्च्या यांना खुशाल घ्या, पैसे वाचतील.

आता आपल्या सोलापूरचा प्रश्न. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठाक, आणि पावसाळ्यात पुन्हा दमट. ओक या फेऱ्यात सागापेक्षा जास्त हलतो. एक फूट रुंदीची साधी चिरलेली फळी घ्या. तिचा ओलावा 12 टक्क्यांवरून 8 वर आला, तर ओक सुमारे साडेचार मिलिमीटर आकसतो, साग त्याच्या निम्म्याने. म्हणजे पावसाळ्यात घट्ट बसवलेल्या टेबलाच्या फळ्यांत उन्हाळ्यात फटी पडणारच. त्यात सुताराचा दोष नाही. यावर उपाय दोन. भट्टीत सुकवलेलाच माल घ्यायचा आणि ओलावा मीटर लावून आमच्याकडून मोजून घ्यायचा. दुसरा, चिराई गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे क्वार्टर कट मागायची. असा ओक जवळपास सागाइतकाच हलतो, वर चमकदार पट्टे दिसतात ते वेगळंच. वाया जाणारं लाकूड जास्त, म्हणून दरही जास्त. टेबलाच्या रुंद फळीसाठी तो द्यावा. चार इंची पट्ट्यांना उगाच देऊ नये.

सुताराला एक बजावून ठेवा: ओकमध्ये साधे लोखंडी खिळे-स्क्रू नकोत. ओकमधलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाला लागून ओल आली की काळे डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरावं. ओल्या ओकवर लोखंडी पटाशी विसरून ठेवली तरी सकाळी तिचा ठसा उमटलेला दिसतो.

वाळवीबाबत स्पष्टच सांगतो. ओक, कुठलाही असो, वाळवीपुढे सागासारखा टिकत नाही. उन्हा-पावसातला मुख्य दरवाजा, जमिनीला टेकणारी चौकट यांसाठी ओक मागितलात तरी आम्ही सागच सुचवू.

दर घनफुटावर असतो, तुटीचं लाकूड वेगळं धरावं लागतं. येताना मापं लिहून आणा, जमलं तर सुतारालाही सोबत घेऊन या.