भरतीला पक्षी जातात कुठे? कोकणच्या खारबांधांची पार्श्वभूमी

भाद्रपद सरत आला, भाताला लोंब्या धरल्या की अलिबाग-पेणच्या खारपाट्यात पक्षी उतरायला लागतात. हे रोहित नव्हेत. रोहित, म्हणजे ज्यांना आता सगळेच फ्लेमिंगो म्हणतात, ते साधारण दिवाळीनंतर येतात आणि त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. शरदात येतात ते मुठीएवढे, मातकट रंगाचे चिखले, तुतवार आणि टिलवे. सवय नसलेल्या डोळ्याला ते दिसतही नाहीत, चिखलच हलतोय असे वाटते. पण कोकणच्या पाणथळीची खरी ओळख करून घ्यायची तर हेच दिवस आणि हेच पक्षी. त्यांच्या मागे मागे गेले की प्रश्न पडतो तो पक्ष्यांचा नव्हे, जमिनीचा: ही जागा बनवली कोणी, आणि राखली कोणी?

आधी भरती-ओहोटीचे समजून घ्यायला हवे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर चढते. दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे जावे तसा हा चढउतार कमी होत जातो. म्हणूनच चिखलाची मैलभर पसरलेली खाजणे ठाणे, उरण, धरमतर अशा उत्तर कोकणातल्या खाड्यांत आहेत. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात खाड्या अरुंद, किनारा खडकाळ, आणि पक्षीही विखुरलेले. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी त्यात पसरतात आणि किडे, गांडुळासारखे जीव, छोटी चिंबोरी चोचीने टिपत राहतात. भरती चढली की हे ताट पाण्याखाली जाते. मग त्यांना बसायला उघडी, उथळ, चहूकडचे दिसेल अशी जागा लागते. झाडीत ते बसत नाहीत, कारण झाडीत ससाणा दिसत नाही.

भरतीची वेळ काढायचे कोळ्यांचे जुने गणित आहे: तिथीला पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण भरते. थोडे मागेपुढे होते, पण पक्षी बघायला निघण्यापुरते हे गणित पुरते.

कोजागरीच्या एका सकाळी याच हिशेबाने धरमतर खाडीच्या एका बांधावर जाऊन बसलो होतो. दहा वाजता खाजणात बगळे आणि दोन कोरल सोडले तर काहीच नव्हते. साडेदहाला पाणी तिवरांच्या बुंध्यांना लागले आणि खाडीवरून थवा आला. वळताना पांढरा, पुन्हा वळताना करडा, असे करत तो डोक्यावरून बांधाच्या आत उतरला. आतल्या बाजूला कापणी झालेल्या दोन खाचरांत घोटाभर पाणी उरले होते, तेवढ्या जागेत शेदोनशे पक्षी एका पायावर उभे राहिले. तिबेटकडून येणारे चिखले जास्त; एकदोघांच्या छातीवर विणीच्या हंगामातला तांबूस रंग अजून उरलेला. त्यांच्यात सहा वाकड्या चोचीचे तुतवार होते. दुर्बिणीतून पाहिले तर पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार, जणू मासळीचे खवले. म्हणजे ही त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले. सैबेरियाच्या उत्तर टोकाशी, तैमीरच्या बाजूला, अंड्यातून बाहेर पडून तीनेक महिने झालेली. तिथे लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी भरपूर असतील त्या वर्षी कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि पिल्ले वाचतात. लेमिंग घटले की कोल्हे घरट्यांकडे वळतात. तिकडच्या उंदरांचा हिशेब इकडच्या भाताच्या खाचरात असा उतरतो.

शेजारच्या शेतातले काका विळा खांद्यावर टाकून आले. मी काय बघतो ते त्यांनी विचारले नाही. म्हणाले, "भरती आली का हिकरंच येतान." त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून येतात म्हणे.

ते आजोबांच्या वेळचे खाचर म्हणजेच या गोष्टीचा मूळ धागा. ज्या जागेला आज आपण पाणथळ म्हणतो, तिचा मोठा भाग माणसाने समुद्राकडून मागून घेतलेला आहे. खाडीच्या काठाने चिखलमातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचे-अडवायचे दार, ठेवायची. पावसात गोडे पाणी आत साठवून जमिनीतले मीठ धुवायचे, ओहोटीला उघाडीतून ते बाहेर सोडायचे, भरतीला दार लावून खारे पाणी अडवायचे. दोनचार पावसाळ्यांत त्या जमिनीत राता भात उभा राहतो. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरमध्ये अशा 'शिलोत्री' जमिनींची माहिती आहे. बांध घालणारा तो शिलोत्रीदार, आणि बांधाच्या डागडुजीसाठी बिघ्यामागे एक मण भात घ्यायची रीत, त्याला शिलोत्री मण म्हणत. बांध ही एकदा घालून विसरायची गोष्ट नाही, हे त्या काळच्या लोकांनी थेट शेतसाऱ्याच्या हिशेबातच लिहून ठेवले होते. उधाणाला कुठे खांड पडली की गावच्या गाव टोपल्या घेऊन धावत असे.

या बांधांच्या आत पक्ष्यांचे फुकटात भले झाले. पावसाळाभर गोडे पाणी, ऑक्टोबरात कापणीनंतर उरलेली उथळ डबकी, जिताडे वाढवायची तळी, आणि उरण-पेणकडे मिठागरे. मिठागरात मीठ पिकते ते हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. शरदात त्या कोंड्यांत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, पावसाचे पाणीच असते. लांब पायांच्या शेकाट्या पक्ष्यांना त्याहून चांगली जागा नाही. खाडीचा चिखल हे पक्ष्यांचे ताट असेल तर खार आणि मिठागर ही त्यांची ओसरी.

बांध राखणाऱ्यांची अवस्था मात्र वाईट होती. जमीन खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, घाम कुळाचा. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवले की खोतांची जमीन कसायची नाही. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पुढे खोती गेली, कूळकायदा आला, आणि बांधाची जबाबदारी कोणाची हा जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. १९४८ च्या खार जमीन कायद्याने सरकारने ती अंगावर घेतली, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा झाला. गावची टोपली जाऊन निविदा आली. हे सगळे पक्ष्यांच्या इतिहासात सहसा सांगितले जात नाही. माझ्या मते ते आधी सांगायला हवे.

पक्षीअभ्यासाची गोष्ट याच किनाऱ्यावर, पण वेगळ्या वाटेने चालली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) स्थापन झाली तीही त्या गॅझेटियरच्याच साली, १८८३ मध्ये. सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि नर एकाहून अधिक माद्यांशी संसार कसा करतो ते उलगडून दाखवले. हुमायून अब्दुलअली हेही त्याच परंपरेतले; १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्यामागे त्यांचा मोठा हात होता. तोवर भातखाचरे ही शहरातल्या शिकाऱ्यांना पाणलावे मारायची जागा वाटत असत. पक्ष्यांच्या पायात वळी घालून त्यांचा प्रवास शोधायचे काम सोसायटीने १९२७ मध्ये सुरू केले, पण त्याला वेग आला १९५९ नंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशाने. शिमोग्याकडे माकडताप पसरला होता आणि गोचिडी पक्ष्यांबरोबर येतात का, ही शंका होती. रोगाच्या भीतीने सुरू झालेल्या त्या कामातून स्थलांतराची पुष्कळ माहिती हाती लागली. आपला किनारा ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर आहे तो तीस देशांतून जातो.

संरक्षण मात्र आधी जंगलाला मिळाले. कर्नाळा अभयारण्य १९६८ चे, ते डोंगरातल्या झाडीचे. खाडीला कोणी अभयारण्य म्हणत नव्हते. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, नव्या शहरासाठी आणि न्हावाशेवा बंदरासाठी पनवेल-उरणची खारजमीन आणि मिठागरे संपादित होऊ लागली. भावासाठी शेतकरी उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. भराव पडत गेला तसे पक्षी उरल्यासुरल्या तुकड्यांत दाटले: पाणजे, बेलपाडा, भेंडखळ. आज उरणला पक्षी बघायला जाणारा माणूस याच नावांच्या मागे जातो.

कायदे आले ते कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीच्या, बाजूने. १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना, मग मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २००५ चा कांदळवन तोडीवर बंदी घालणारा आदेश, २०१२ मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष. याचे श्रेय द्यायलाच हवे. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत २०१३ मध्ये महाराष्ट्राचे कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होते, २०२१ मध्ये ३२४. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले: १,६९० हेक्टर, त्यातले ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातले हे तिसरे स्थळ, आणि कोकणातले पहिले.

पण नकाशा नीट पाहा. संरक्षण मिळाले ते ताटाला. ओसरी बाहेरच राहिली. बीएनएचएसने ठाणे खाडीच्या व्यवस्थापनासाठी उरणची तीन पाणथळे, नेरूळ-सीवूड्सकडची दोन आणि भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळची एक अशा सहा जागा पूरक म्हणून सुचवल्या, त्या भरतीला पक्षी तिथे बसतात म्हणूनच. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र व्याख्येतून भातखाचरे वगळली, आणि मिठासाठी व मत्स्यशेतीसाठी मुद्दाम बनवलेली पाणस्थाने वगळली. कागदावर हे समजण्यासारखे आहे. कुठल्या शेतकऱ्याला आपली खाचरे पाणथळ ठरवून हवी असतील? परंतु कोकणात पक्षी भरतीला नेमके तिथेच असतात. या जागांना आत घेणारा, पण कसणाऱ्याचा हात न बांधणारा नियम आपल्याकडे नाही.

आणि दुसरी अडचण बांधाचीच आहे. माझ्या त्या कोजागरीच्या बांधाला दोन पावसाळ्यांपूर्वी खांड गेली. अर्ज झाले, पाहणी झाली, खांड तशीच राहिली. खारे पाणी रोज आत येऊ लागले, पहिल्या वर्षी भात गेले, दुसऱ्या वर्षी चिखलात तिवराची रोपे वर आली, बोटभर, मग गुडघाभर. आता ते कांदळवन आहे, आणि कांदळवन तोडता येत नाही. ते बरोबरच आहे. पण काकांची खाचरे गेली ती गेली, आणि जिथे घोटाभर पाण्यात चिखले एका पायावर उभे असत तिथे आता झाडी आहे. तिवर वाढले म्हणून आनंद मानणाऱ्यांत मीही होतो. तिथे उभे राहिल्यावर कळले की वेळच्या वेळी भरलेली एक खांड शेत आणि पक्षी दोन्ही राखते. जुन्या लोकांनी बिघ्यामागे मण घेतला तो याचसाठी.

उशीर परवडणारा नाही. २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात ९४२ जातींची स्थिती तपासली गेली, आणि लांबून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांत मोठी घट दिसली. ऑक्टोबर २०२४ मध्ये धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत किनाऱ्यावरच्या अनेक स्थलांतरित जातींची श्रेणी बिघडली. वाकड्या चोचीचा तुतवारही आता 'असुरक्षित' गटात आहे.

पाणपक्ष्यांची मोठी गणना, आशियाई पाणपक्षी गणना, १९८७ पासून दर जानेवारीत होते. शरदातली ये-जा तिच्यात सापडत नाही. ती नोंद आपली आपणच ठेवायची असते, आणि ओहोटीला खाडीवर जाऊन नव्हे, भरतीला बांधाच्या आत. पौर्णिमा किंवा अमावास्या निवडावी, पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोचावे, थव्यापासून इतके दूर बसावे की एकही पक्षी उडणार नाही, कारण भरतीला उडवलेल्या पक्ष्याला दुसरी जागा नसते. अक्षीच्या पुळणीवरही हेच. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक ज्या गावात आहे, त्याच गावच्या किनाऱ्यावर कुरव आणि सुरय भरतीला दाटीने बसतात. वहीत पक्ष्यांच्या आकड्यांबरोबर तिथी लिहावी, खारीचे नाव लिहावे, पाणी किती बोटे होते ते लिहावे. आणि उघाडीचे दार लागलेले होते की मोडलेले, हेही.