ओझोनचे हंगामी वहन
(बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

जमिनीलगतचा ओझोन वायू व तो ज्यांपासून तयार होतो ते वायू ऋतूनुसार बदलणाऱ्या वाऱ्यांबरोबर एका प्रदेशातून, कित्येकदा एका देशातून, दुसऱ्यात जाण्याची क्रिया. आकाशात उंचावरचा ओझोन अतिनील किरण अडवतो. श्वासावाटे आत जाणारा ओझोन मात्र फुफ्फुसांना इजा करतो.

हा वायू कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. वाहने, कारखाने आणि पेटवलेले पाचट यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे व बाष्पनशील (सहज हवेत उडणारी) सेंद्रिय द्रव्ये निघतात. त्यांच्यापासून तो उन्हात, वाटेवरच तयार होतो. भर शहरात गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला नष्टही करतो, त्यामुळे धूर शहराचा आणि ओझोन वाऱ्याखालच्या खेड्याचा, असे वारंवार घडते. जमिनीलगत तो काही तास ते काही दिवस टिकतो. वरच्या थरांत गेला तर सरासरी सुमारे तीन आठवडे टिकतो, आणि तेवढ्यात तो कित्येक देश ओलांडतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्याला वाऱ्याची दोन्ही रूपे परिचयाची आहेत. जून ते सप्टेंबर आंबोली-चोर्ल्याकडून येणारी हवा समुद्रावरची, ओली आणि स्वच्छ असते. ढगांमुळे ऊनही मिळत नाही, म्हणून पश्चिम भारतात ओझोन या महिन्यांत सर्वांत कमी असतो. दिवाळीनंतर वारा पूर्वेकडून सुटतो. आकाश निरभ्र, पाऊस नाही, आणि ऊसतोड झालेल्या शेतांत पाचट पेटलेले. देशावरची ही हवा पुढे कोकण-गोवा ओलांडून अरबी समुद्रावर जाते. हिंदी महासागरावरील हवेचा अभ्यास करणाऱ्या १९९९ च्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत दक्षिण आशियातील प्रदूषणाचा थर हिंदी महासागरावर, मालदीवपर्यंत आढळला.

पावसाळ्यातही वहन थांबत नाही, त्याची वाट बदलते. मोसमी ढग उत्तर भारतातील दूषित हवा बारा-पंधरा किलोमीटर उंच नेतात आणि तिथले पूर्वेकडचे वारे ती पश्चिम आशियावरून भूमध्य समुद्राकडे ढकलतात; २००१ मध्ये क्रीट बेटाच्या परिसरात तिचा माग लागला.

देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या हवा-प्रदूषणावरील करारांत १९९९ चा गोथेनबर्ग करार महत्त्वाचा, कारण त्यात युरोपीय देशांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा ठरवल्या गेल्या. दक्षिण आशियाचा १९९८ चा माले जाहीरनामा ऐच्छिक राहिला. भारतात ओझोनसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. पण २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे उद्दिष्ट धूलिकणांपुरतेच आहे. ही उणीव गंभीर आहे.

पिकांचे नुकसान कमी बोलले जाते. सोयाबीन व गहू दोन्ही ओझोनला नाजूक. खरिपाचे सोयाबीन पावसाळी हवेत बरेचसे वाचते, रब्बीचा गहू मात्र कोरड्या, भरपूर उन्हाच्या हवेत वाढतो. निपाणी भागाने विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट तंबाखूची आहे. तंबाखूच्या पानावर पडणारे बारीक फिकट ठिपके ओझोनमुळे पडतात, हे १९५९ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. ‘बेल-डब्ल्यू ३’ हा तंबाखूचा वाण तर इतका संवेदनशील, की युरोपात तो ओझोन ओळखण्यासाठीच मुद्दाम लावला जातो.